आजऱ्याची वंशावळ, मुक्काम आंग मो किओ

इतिहास गोळा करायला बसलेल्या माणसांकडे इतिहास वाटीभर जमतो आणि किस्से पातेलंभर! इतिहास आम्ही वेबसाइटवर टाकला. किस्से कुठे टाकणार? ते असे चहाबरोबर बाहेर येतात.

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमारास सिंगापुरात आम्हा चौघांना शोध लागला, की आपण सगळे एकाच तालुक्यातले. आजऱ्याचे! कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिणेकडचे. गावाकडची जुनी माणसं एकेक करून चालली होती आणि कोण कुणाचा कोण, ही माहितीही त्यांच्याबरोबर चालली होती. मग ठरलं, दर शनिवारी दुपारी सुहास पाटलाच्या आंग मो किओच्या फ्लॅटवर जमायचं, गावी फोन लावायचे आणि तालुक्यातल्या घराण्यांच्या वंशावळी लिहून काढायच्या.

सुहास डेटाबेसवाला. देसाईसाहेब मोठे मॅनेजर, बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत राहणारे आणि 'आमचं सरदार घराणं' हे दर दहा मिनिटांनी सांगणारे. डॉक्टर विनय कांबळे संशोधक. बोलायचे कमी, पण बोलले की समोरच्याच्या हातातला चहा सांडायचा. आणि मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारी!

*

पहिल्याच शनिवारी सुहासनं छाती पुढे काढून सांगितलं, "माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव. या तिघांवर माणूस युनिक होतो. डुप्लिकेट शक्यच नाही!"

तासाभरात एका गावात सात दत्तू सुबराव निघाले. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे दत्तूचा सुबराव, सुबरावचा दत्तू, असं ते खालपर्यंत चाललेलं. सॉफ्टवेअरनं लाल अक्षरात एरर दिली : 'ही व्यक्ती स्वतःचीच आजोबा आहे.'

सुहासनं गावी चुलत्यांना फोन लावला. "काका, दत्तू सुबराव म्हणजे नेमका कोण?"

"कुठला? म्हशीवाला, कोर्टवाला, का नुसता?"

"नुसता म्हणजे?"

"नुसता म्हंजे नुसता! त्यानं आयुष्यात काय केलंच न्हाई."

सुहासनं टोपणनावाचा वेगळा कॉलम केला. आजही आमच्या वेबसाइटवर सातांपैकी तिघांपुढे 'नुसता' लिहिलेलं आहे.

*

ह्याच काकांचं जन्मसाल हवं होतं.

"पूल व्हावून गेला त्या साली झालो मी."

"पूल कधी वाहून गेला, काका?"

"कधी म्हंजे? दर साली जायाचा की!"

सुहास हताश होऊन आमच्याकडे बघायला लागला. डॉक्टर कांबळे शांतपणे म्हणाले, "लिहा, काका दरवर्षी जन्मले. डुप्लिकेट चालतील ना?"

*

देसाईसाहेबांची मुलगी अन्वी प्रायमरी फोरमध्ये. शाळेनं 'माय फॅमिली' असा प्रोजेक्ट दिला. आजी-आजोबांपर्यंत तीन पिढ्या पुरेत, असं टीचरनं स्पष्ट लिहून दिलेलं. देसाईसाहेबांनी अकरा पिढ्यांचा तक्ता प्रिंट करून आणला. गुंडाळला तरी तो अन्वीपेक्षा उंच! एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्याला आडवा धरून उभे राहिले, तर माणसं वाकून खालून गेली.

घरी तो जमिनीवर पसरला. अन्वी त्याच्यावरून सॉक्स घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आणि अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, ऑल बॉइज! देन हू गिव्ह बर्थ, लाह?"

साहेब म्हणाले, "बेटा, त्या काळी बायकांची नोंद ठेवत नसत."

"बट यू ऑल्सो नेव्हर पुट मम्मी!"

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "चालू दे, चालू दे. मी ऐकतेय."

पुढच्या शनिवारी साहेब पडेल चेहऱ्यानं आले आणि म्हणाले, "आपण बायकांसाठी एक कॉलम करू या."

मी म्हटलं, "कॉलम नको साहेब. आम्हाला आमची रो पाहिजे!"

सुहासला अख्खा डेटाबेस पहिल्यापासून बांधावा लागला. दोन महिने तो माझ्याशी धड बोलला नाही.

*

आमच्या गावाकडे हेळवी येतात. पिढ्यानपिढ्या घराण्यांची नावं वहीत सांभाळायची आणि वर्षातून एकदा दारात येऊन ती वाचून दाखवायची, हे त्यांचं काम. सुहासच्या घरचा हेळवी आलेला असताना त्याच्या भावानं व्हिडिओ कॉल लावून दिला. स्क्रीनवर पांढरा फेटा, मागे बैल.

सुहासनं आधी हात जोडले आणि मग म्हणाला, "मामा, वहीचे फोटो काढून पीडीएफ पाठवाल का?"

"पीडीएफ दिली तर पुढच्या साली मला जेवाय कोण बोलवंल?"

सुहासनं मुकाट लॅपटॉप पुढे ओढला, तसे मामा म्हणाले,

"मी वाचतो, तुमी लिवून घ्या. पर मधी आडलं की पयल्यापास्नं. आमची रीतच हाय तशी."

झालं! मूळपुरुषापासून सुरुवात झाली आणि पाचव्या पिढीला नेटवर्क गेलं. पुन्हा फोन, पुन्हा मूळपुरुष. पुन्हा पाचव्या पिढीला गेलं. असं नऊ वेळा! दहाव्या वेळी मामा म्हणाले, "तुमचा पाचवा पणजा लई खट दिसतोय," आणि बैल घेऊन पुढच्या घरी गेले.

सुहासचे पहिले चार पूर्वज आज आम्हा चौघांना तोंडपाठ आहेत. पाचवा कोण, ते त्यालाही ठाऊक नाही.

*

सुहासच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी अंकल राहायचे. टॅक्सी चालवायचे. आमचा आरडाओरडा ऐकून एकदा ते आत आले, भिंतीवरचे तक्ते निरखून बघितले आणि घरी जाऊन स्वतःच्या घराण्याचं पुस्तक घेऊन आले. सव्वीस पिढ्या!

अकरा पिढ्यांचे देसाईसाहेब खुर्चीत जरा खाली सरकले. मग इंग्रजीत विचारलं, "पहिले कोण होते? सरदार?"

"फार्मर, लाह."

"दुसरे?"

"ऑल्सो फार्मर."

"मग पंचवीस पिढ्या काय, सगळे फार्मरच?"

"यॅ. ट्वेंटी-सिक्स, टॅक्सी." अंकलनी पुस्तक मिटलं, आमच्या उघड्या लॅपटॉपांकडे नजर टाकली आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "युअर फॅमिली सरदार. सो व्हाय यू ऑल्सो वर्किंग सॅटर्डे?"

*

आता शेवटचा.

देसाईसाहेबांच्या आई, आक्का, तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, कान आणि आठवण दोन्ही शाबूत. त्यांनी येताना लुगड्यात गुंडाळून घरची जुनी वही आणली होती. त्या शनिवारी आम्ही सगळे साहेबांच्या कॉन्डोत.

साहेबांनी वही दोन्ही हातांनी उचलून दाखवली. "ही माझ्या पणजोबांनी स्वतः लिहिली. अक्षर बघा! एका हातात तलवार, एका हातात लेखणी."

आक्का सोफ्यावरून म्हणाल्या, "कुनी लिवली?"

"पणजोबांनी, आक्का."

"त्यास्नी कुठं लिवाय येत हुतं? अंगठा उठवायचे ते."

साहेबांचे हात वहीसकट तसेच हवेत.

"माझ्या सासूनं डोळ्यानं बघितल्यालं. पलटणीतनं पेन्शन घिऊन आल्याला एक सखाराम कांबळे हुता. सगळ्या गावात लिवणारा तेवढाच. आमचे आजेसासरे पडवीत बसून नावं सांगायचे, त्यो खाली पायरीपाशी बसून लिवायचा." आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मानूस पायरीखाली आनि वही देवघरात. असलं आमचं घरानं!"

आम्ही कुणी डॉक्टरांकडे बघितलं नाही. त्यांच्या घराण्याची नोंद ना हेळव्याकडे, ना कुठल्या दप्तरात. इतक्या शनिवारांत सगळ्यांचे तक्ते वाढले होते, त्यांचा पणजोबांपाशी थांबलेला.

शेवटी तेच म्हणाले, "आक्का, सखाराम माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव."

"मग लेकरा, तुजी नावं मागं असतील की! सासू सांगायची, वही पुरी झाल्यावर त्यानं मागली दोन पानं मागून घेतली."

"मागची पानं उलटी आहेत," साहेब पुटपुटले. "मला वाटलं, कुणीतरी अक्षर गिरवलंय. मी ती स्कॅनच केली नाहीत."

त्यांनी वही उलटी फिरवली, मागून उघडली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. तेच मोत्यासारखं अक्षर. डॉक्टर एकेका नावावर बोट ठेवत वाचत गेले. सखाराम, सखारामचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप. नऊ नावं. नवव्या नावापाशी पोचल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. आक्कांनी उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

साहेबांनी हळूच विचारलं, "कांबळे... ही वही आता कुणाची म्हणायची?"

डॉक्टरांनी मान वर केली. डोळे ओले, पण आवाज नेहमीचाच.

"पुढून उघडली तर तुमची!"