कलपवाल्याची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला सगळे कलपवाला म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकून आधी त्याच्या डोक्याकडे बघायचा आणि गोंधळायचा, कारण कलप लावायला त्या डोक्यावर एक केस शिल्लक नव्हता. कलप तो गाड्यांना लावायचा. गाडी किती किलोमीटर पळाली ते सांगणारं मीटर उघडायचं, आतली आकड्यांची चाकं मागे फिरवायची, आणि दोन लाख पळून दमलेली गाडी पन्नास हजारांची करून सोडायची, याला बाजारात कलप लावणं म्हणत. "जरा कलप लावून ठेवा हो, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय," असं दलाल भर रस्त्यात ओरडून सांगत. शेजारून जाणाऱ्या पोलिसालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

दुकान कसलं, दोन गॅरेजांच्या मधली फट ती. एक टेबल, मान वाकवता येणारा दिवा, चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचं भिंग. गाड्या तिथे येतच नसत. मीटर तेवढं काढून प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचे, कुणी कवळी साफ करायला द्यावी तसं. कामाचा नियम एकच, उस्तादाने पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलेला: जुना आकडा बघायचा नाही, आणि दिसलाच तर लक्षात ठेवायचा नाही. लक्षात राहिलेलं कधी ना कधी तोंडातून निघतं, आणि ते निघालं की धंदा बसला. हा नियम त्याने इतका पाळला, की डोळ्यासमोरचा आकडा त्याच्या डोक्यात शिरायचाच बंद झाला. बायको पाहुण्यांना सांगायची, "यांना आमच्या लग्नाची तारीख विचारून बघा. तीही फिरवलेली असेल."

पापबीप म्हणाल तर तसं काही त्याच्या मनात नव्हतं. "मी नुसती चाकं फिरवतो, खोटं बोलतो तो दलाल," असं तो म्हणायचा. दलाल म्हणायचे, "आम्ही कुठे बोलतो? मीटर बोलतं." असा सगळा मामला. एकच पंचाईत होती. त्याला स्वतःला गाडी घेता येत नव्हती. नवी परवडत नव्हती, आणि जुन्यातली एकही त्याच्या हाताखालून गेली नाही असं छातीठोक सांगता येत नव्हतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. कुणी चाळीस हजारांची गाडी दाखवली, की हा क्लचचं झिजलेलं रबर बघून गालातल्या गालात हसायचा आणि आपल्या खटारा स्कूटरवर बसून घरी जायचा. मागे बायको, दोन पिशव्या मांडीवर घेऊन.

त्या हिरव्या गाडीची बातमी मेहुण्याने आणली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बाजारातला दलाल, बोलण्यात कुणाला हार न जाणारा.

"भाऊजी, एक माल आहे. दोघांपुरती, बुटकी, पळणारी गाडी. जुनी आहे, पण रूप बघाल तर वेडे व्हाल. मीटरवर चार लाखांच्या वर आकडा, म्हणून स्वस्तात जातेय. मालकीणबाई दलालाला दारात उभं करत नाही. तुम्ही साधं गिऱ्हाईक म्हणून जा, घेऊन या, मस्त कलप लावा. मग बघा मी कशी काढतो ती."

तो गेला. मेहुण्याला नाही म्हणण्यापेक्षा जाऊन येणं सोपं होतं.

मालकीणबाई सत्तरीची असेल. तिचा नवरा पुलांची तपासणी करायचा. गावोगावचे पूल, खांबाखांबाला हातोडी मारून आवाज ऐकायचा, आणि या पुलावरून त्या पुलावर जायला ही गाडी. नवरा गेल्याला वर्ष झालं होतं. बाईने गाडीवरची चादर ओढली, आत हात घालून दिवे लावले. झाकणं उघडून दिवे वर आले. एक झटक्यात आला, दुसरा अंमळ उशिरा, अर्धवट झोपेत असल्यासारखा.

कलपवाला आत वाकला. गिअरच्या दांड्याचा गोळा तळव्याने घासून गुळगुळीत झाला होता. पायाखालची पट्टी झिजून पत्रा दिसत होता. मग त्याने मीटर बघितलं. स्क्रूंवरचा कारखान्याचा रंग जसाच्या तसा होता. याला कुणाचा हात लागला नव्हता. चार लाखांच्या पुढे गेलेला आकडा, आणि एवढा मोठा आकडा जगात कुणी खोटा लावत नाही. आपण विश्वास ठेवावा असा आकडा त्याला उभ्या जन्मात पहिल्यांदा भेटला होता. ही गाडी मेहुण्याला मिळता कामा नये, ही आपली, असं त्याला वाटलं.

"दलाल आले चारदोन," बाई म्हणाली. "सगळ्यांचं एकच तुणतुणं. आकडा फार झाला, कलपवाल्याकडून कमी करून घेऊ. कोण आहे हो हा मेला कलपवाला? भेटला तर फुटपट्टीने हात फोडीन त्याचे. अहो, आमचा सगळा संसार झालाय या गाडीत. हे चालवायचे, मी शेजारी. किती पूल बघितले मी! माझं माहेर नाही तेवढं बघितलं." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"बारीक कामं," तो म्हणाला. "काटे, चाकं, असं."

"घड्याळजी होय! मग ठीक आहे. घड्याळजी माणूस वक्तशीर असतो."

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. बाईने ते हो धरलं.

"एकच वचन द्या. त्या आकड्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," तो म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

गाडी घरी आली. मेहुणा रोज विचारायचा, "कधी लावताय?" चौथ्यांदा विचारल्यावर याने सांगून टाकलं, की गाडी विकायची नाही आणि कलपही लावायचा नाही. मेहुण्याने कपाळाला हात लावला. "न्हाव्याने दाढी वाढवावी तशातली गत झाली भाऊजी ही! लोक काय म्हणतील?" बायको गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आणि हिच्यात बसायचं कसं? बसणं नव्हे हे, लोळण घेणं आहे."

पण बसली. सुट्टीच्या दिवशी दोघं निघायची. कधी नदीकाठच्या रस्त्याने, कधी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, कधी कारण नसताना. पहिल्यांदा वेग धरला तेव्हा बायकोने डोळे घट्ट मिटून त्याचं कोपर पकडलं, मग एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग म्हणाली, "एवढंच होय? अजून पळव की." तिच्या मांडीवर पिशव्या नव्हत्या. मीटरमधलं शेवटचं चाक फिरून नवा आकडा वर आला की तो म्हणायचा, "बघ, आपला एक झाला." ती म्हणायची, "पेट्रोलही झालं." तरी दोघं त्या शेवटच्या चाकाकडे बघत राहायची. ते फिरताना बघण्यात त्याला जे सुख होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाजाराने महिनाभर हसून घेतलं असतं.

मग एक दिवस चाक फिरेना. काटा हलत होता, आकडा ढिम्म. आतली नायलॉनची बारीक चकती वयाने तडकली असणार, हे त्याला न उघडताच कळलं. आता मोठाच पेच. उघडलं तर वचन मोडतं. नाही उघडलं तर गाडी पळतेय आणि आकडा जागच्या जागी, म्हणजे दर फेरीला थोडा थोडा खोटाच. शेवटी त्याने मनाची समजूत घातली, की दुरुस्ती वेगळी आणि कलप वेगळा. मीटर काढलं, सवयीने पिशवीत घातलं आणि टेबलावर आणून ठेवलं.

चकती बदलायची तर आकड्यांची चाकं दांडीवरून सुटी करावीच लागतात. त्याने ती केली. नवी चकती बसवली. तेवढ्यात मेहुणा आला आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाने आपल्याला कसं फसवलं याचं रामायण सांगू लागला. हा मान डोलवत होता, हात आपलं काम करत होते. जित्याची खोड, दुसरं काय! मेहुण्याचं संपलं तेव्हा काच बसली होती, स्क्रू आवळून झाले होते, फडक्याने बोटांचे ठसेसुद्धा पुसून झाले होते. आणि आत, एका रेषेत, सुबक आकडा: बासष्ट हजार.

"वा!" मेहुणा म्हणाला. "शेवटी शहाणपण आलं म्हणायचं."

त्याने मेहुण्याला हाकलून दिलं. मग डोळे मिटून जुना आकडा आठवायला बसला. चार लाख. चार लाख, आणि पुढे? पुढे काहीच नाही. दर सुट्टीला त्या आकड्यासमोर बसत होता, आणि काहीच नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी शेवटचं चाक बघायची हो, अख्खा आकडा कोण वाचतंय?" विक्रीच्या कागदावर किलोमीटरसाठी रकानाच नव्हता; असता तर कलपवाल्याचं पोट कशावर भरलं असतं?

"टाका की काहीतरी चार लाख," मेहुणा दुसऱ्या दिवशी म्हणाला. "कोण मोजायला बसलंय?"

पण मनाने बसवलेला मोठा आकडा हाही कलपच. काळा नाही, पांढरा. तसं करायचं असेल तर ही गाडी आणि बाजारातली कुठलीही गाडी, काय फरक राहिला? खरा आकडा ठाऊक असणारं माणूस एकच होतं, आणि त्याला विचारायचं तर आधी आपण कोण ते सांगावं लागणार. हात दाखवून अवलक्षण. वचन मोडलं म्हणून बाई गाडी परत मागेल, ही धास्ती सगळ्यात मोठी.

"जा," बायको म्हणाली. "फार तर शिव्या देतील. शिव्यांनी कुणी मोडत नाही. आणि अशी दाराशी किती दिवस उभी ठेवणार?"

बाईने दार उघडलं आणि तोंडभर हसली. "घड्याळजी! या, या. त्रास देतेय का गाडी?"

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मी घड्याळजी नाही. कलपवाला तो मीच." आणि सगळं सांगून टाकलं, चकतीपासून बासष्ट हजारांपर्यंत, मधे कुठे श्वास न घेता.

बाईचं हसू गेलं. ती चपला घालून खाली उतरली, गाडीचं दार उघडलं आणि तिच्या नेहमीच्या, शेजारच्या जागेवर बसली. बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली.

"बासष्ट हजारांवर असताना यांना ऐकू येत होतं," ती म्हणाली. "हातोडीच्या आवाजाने पुढे कान गेले. तेव्हा मी बोलायची आणि हे उत्तर द्यायचे." काचेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "राहू दे का असाच?"

नाही म्हणायचा हक्क त्याला नव्हता.

"नको," बाईच म्हणाली. "पुढचंही आमचंच आहे. भांडणं, रुसवे, सगळं. काढा ते मीटर. इथेच लावा, माझ्यासमोर."

त्याने पायरीवर फडकं पसरलं. बाई शेजारी बसून एकेक आकडा सांगू लागली. गाडी दिली त्या दिवशी तिने स्वतः काच पुसली होती, तेव्हा तो आकडा डोळे भरून वाचला होता. चार. एक. आठ. तो चाकं पुढे फिरवत होता, आणि आयुष्यात कधी पुढे फिरवली नसल्याने बोटं अडखळत होती. शून्य. सहा. तीन.

"हा झाला आमचा," बाई म्हणाली. "आता तुमचे घाला."

"अं?"

"तुम्ही नेल्यापासून पळालीच असेल की! आमच्यात तुमचे मिळवा, म्हणजे खरा होईल. किती झाले तुमचे?"

त्याने तोंड उघडलं. नदीकाठ आठवला, टेकडी, पाण्याची टाकी. बायकोने उघडलेला एक डोळा आठवला. एकेक चाक फिरताना बघितलं होतं, एकेकाला "आपला" म्हटलं होतं. किती, ते आठवेना.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"तुमचे तुम्हालाच माहीत नाहीत?" बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं.

त्याने मान हलवली आणि मीटर बाईच्याच आकड्यावर ठेवून काच बसवली. आजवर कितीजणांचे किलोमीटर पुसले, त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. हे त्याचे आणि बायकोचे होते. स्क्रू आवळता आवळता त्याला रडू फुटलं, आणि हात कामात अडकल्यामुळे डोळेही पुसता येईनात. बाईने आतून तांब्याभर पाणी आणलं आणि तो पिऊन होईपर्यंत ती पायरीवर बसून राहिली.