पूजेबाहेरची अवजारं

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भिलाईच्या आसपास कुणी पाना फिरवत नाही. सकाळी अवजारं धुवायची, तेलाचा हात देऊन पाटावर मांडायची, कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कारखान्यात उमर गेलेला माणूस एखादा उपास मोडेल, पण हे मोडणार नाही.

नेमक्या त्याच दिवशी रुक्माच्या गाडीची पुढची उजवी स्प्रिंग तुटली. अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर पोरं घरोघर सोडून ती परत येत होती. तिच्या उतई गावाच्या वेशीशी पाण्यानं भरलेला खड्डा रोज असतो तिथेच होता, तिचंच लक्ष चुकलं. आवाज फार मोठा नव्हता. बंद खोलीत एखादा तांब्या पडावा तसा. पण तो तिला ओळखीचा होता, कारण गेल्या वर्षी डावी तुटली तेव्हाही हाच आला होता. गाडी एका खांद्यानं खाली बसली. तिनं ती पायी चालल्यासारखी हाकत घरापर्यंत आणली आणि अंगणात लावली.

ही गाडी खरं तर तिच्या नवऱ्याची, बाबुलालची. तुमसरकडच्या धानाच्या बांध्या सोडून तो पोरवयात भिलाईला आला, कारखान्यात फिटर झाला, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये संसार थाटला, आणि एक जुनी पांढरी कार घेतली ती फक्त सणावारी गावाकडे जाण्यासाठी. मग अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. दोघं उतईला आली. गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली आणि येणारा-जाणारा ती विकून टाका म्हणून सांगू लागला. रुक्मा तोवर सायकलसुद्धा चालवत नव्हती. एके दिवशी तिनं ताडपत्री काढली. शेजारणीच्या भावाकडून मैदानात गाडी शिकली, पहिल्या महिन्यात एक कुंपण पाडलं, ते स्वतः उभं करून दिलं, आणि पुढच्या वर्षी उतईची पोरं सेक्टरच्या शाळेत नेऊ-आणू लागली. बाईच्या हाती पोरं कशी द्यायची, असं विचारणारे आईबापच आता तिची गाडी दिसल्याशिवाय डब्याचं झाकण लावत नाहीत.

उद्यापासून तिमाही परीक्षा होती.

ती चालत शामरावच्या गॅरेजवर गेली. गेल्या वर्षी डावी स्प्रिंग त्यानंच बदलली होती आणि रुक्मा शेजारी बसून एकेक पाना त्याच्या हाती देत होती. आज त्याचं शटर अर्धं खाली होतं. आत टेबलावर जॅक, पाने, हातोडे फुलांखाली झोपले होते. शामरावनं नवा शर्ट घातला होता. त्यानं तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि तिचं ऐकून मान हलवली. तिला पाप लावायचं नव्हतं आणि त्याला लावून घ्यायचं नव्हतं. उद्या सकाळी पहिलं काम तिचंच, असं तो म्हणाला. उद्या सकाळी आपण शाळेच्या फाटकाशी असायला पाहिजे, असं ती म्हणाली. शेजारच्या गॅरेजवाल्या सलीमकडे ही पूजा नसते, पण गल्ली बंद तर आपणही बंद म्हणून तो मंडपात बुंदी वाटत होता आणि त्याच्या दुकानाची किल्ली घेऊन त्याचा भागीदार कधीचाच दुर्गला गेला होता.

मंडपासमोर गुड्डूची नवी व्हॅन हार घालून उभी होती. गुड्डू गेले कित्येक महिने रुक्माच्या शाळेच्या फेरीवर डोळा ठेवून होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“चाची, टेन्शन मत लो. कल बच्चे मैं छोड़ दूँगा,” तो गोड आवाजात म्हणाला.

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. पण एकदा त्या थंड, गाणी वाजणाऱ्या गाडीत बसलेली पोरं पुन्हा आपल्या गाडीत येणार नाहीत, हे तिला कळत होतं. पोरं गेली की गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाईल. आणि आपण? तिनं प्रसाद तोंडात टाकला आणि घरची वाट धरली.

घरी बाबुलाल अंगणातल्या खाटेवर बसला होता. मागच्या खोलीत पाटावर त्याची अवजारं मांडली होती. त्याचा पाना कुणी वापरला त्याला जमाना झाला, तरी सकाळी तिनंच ती घासली होती, तिनंच कुंकू लावलं होतं. ती दारात उभी राहून बघत राहिली. लोखंडाचा तो छोटासा, स्वच्छ, मानाचा मेळावा. मग तिला डिकी आठवली.

डिकीत गोणपाटात गुंडाळलेली तिची अवजारं होती. जॅक, चाकाचा पाना, बाजारातून एकेक करून आणलेले पाने, आणि आकड्यांचे दोन लांब स्क्रू, ज्यांनी स्प्रिंग दाबून धरतात. सुपेल्याच्या लेथवाल्याकडून ते तिनं गेल्या वर्षी करून घेतले होते. सकाळी ही अवजारं पाटावर मांडायची कुणाला आठवण झाली नव्हती. बाबुलालला नाही, तिलाही नाही. स्प्रिंगा जोडीनं बदलाव्यात म्हणून शामरावनं तेव्हा दोन आणायला लावल्या होत्या. दुसरी लावायची राहून गेली ती राहूनच गेली, आणि पेपरात गुंडाळलेली पलंगाखाली होती.

तिनं पदर खोचला. मागच्या चाकांना विटा लावल्या.

“आज हत्याराले हात लावत नसते, रुक्मा,” बाबुलाल म्हणाला. शब्द त्याच्या तोंडातून अर्धे वाकून येत.

“तुमच्या हत्याराले. माह्या हत्याराचं सकाळी कोणी नावबी नाई घेतलं.”

बाबुलालनं आत पाटाकडे पाहिलं, मग डिकीकडे. पण त्यानं तोंड फिरवलं नाही.

चाकाचे नट तिनं गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक लावला, आणि जॅकवर विश्वास नको म्हणून गाडीखाली लाकडाचा जाड ठोकळा सरकवला. चाक काढलं. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटून भलत्याच बाजूला लोंबत होता. खालचे दोन बोल्ट काढायचे होते. एक निघाला. दुसरा गंजानं जागेशी एकजीव झाला होता. तिनं तेल सोडलं, थांबली, पुन्हा जोर केला. पाना निसटून बोटांची सालं गेली. बाबुलालचा लांब पाईप पाटावर होता, कुंकवाचा टिळा लावून. तो पान्याच्या दांड्यावर चढवला असता तर बोल्ट फिरला असता. ती आत गेली, पाईपकडे पाहिलं आणि परत आली. अंगणात कपडे वाळवायची लोखंडी नळी होती. तिनं ओली चादर खाटेवर टाकली, नळी दोरीतून सोडवली, पान्यावर चढवली आणि तिच्या टोकावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली. काही झालं नाही. ती तशीच उभी राहिली, सगळं वजन घेऊन, भिंतीला हात टेकून. मग कुरकुरत बोल्ट हलला.

बॉनेटमधले नट काढले आणि स्प्रिंगसकट शॉकॅबसॉर्बरचा अख्खा दांडा बाहेर आला. दोन बाजूंना आकडे लावून ती आळीपाळीनं दोन्ही स्क्रू आवळू लागली. शामरावनं सांगितलं होतं, दाबलेल्या स्प्रिंगच्या वर तोंड धरायचं नाही. तिनं मान बाजूला ठेवली. वरचा नट सोडवून तुटकी काढली, नवी घातली, दाबली, वरचा नट बसवला. आता आकडे सैल करायचे. खाटेवर बाबुलाल चुळबुळला. त्याचे ओठ हलले आणि त्यानं ते दाबून धरले.

“बोला. हात नका लावू. तोंड काई पाटावर नाई मांडलं आपण.”

बाबुलालच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली.

“खालचं टोक पाह्य. खाचेत नाई बसलं. ढिलं करशील त उडंल.”

तिनं वाकून पाहिलं. स्प्रिंगचं टोक खाचेच्या बाहेर, बोटभर सरकलेलं. आतापर्यंतचं सगळं काम त्या बोटभर जागेत वाया गेलं होतं. दुपार उतरत होती, दूर मंडपात भोंगा वाजत होता, हातात पकड उरली नव्हती. तिनं हात धुतले, पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नट काढला. टोक खाचेत बसवलं. पुन्हा नट. मग आकडे थोडे इकडून, थोडे तिकडून सैल करत गेली आणि स्प्रिंग आपल्या जागेवर हळूहळू अंग ताणत उभी राहिली.

दांडा जागी बसवून, बोल्ट आवळून, चाक लावून गाडी खाली घेतली तेव्हा तिनं दोन्ही बाजूंना हात ठेवून बॉनेट दाबलं. गाडी सरळ उभी होती. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली, ब्रेक मारून पाहिले, आणि मंडपासमोरून वळून आली. गुड्डू तिथेच होता. तिनं काच खाली केली नाही.

परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबुलालनं मधल्या वेळात खाटेवरून उठून, भिंत धरत, आतून कुंकवाचा करंडा आणला होता. अंगणातल्या गोणपाटावर तिची काळी, तेलकट अवजारं पसरली होती आणि तो डाव्या हाताची करंगळी कुंकवात बुडवून बसला होता.

“थांबा,” रुक्मा म्हणाली. “कुंकू लागलं की उद्या उजाडेपर्यंत मले हात लावता नाई येणार. मी त अंधारातच निघते. रस्त्यात पंक्चर झालं त?”

“मंग?”

“उद्या पोरं शाळेत सोडून येते. मंग लावा.”

तिनं अवजारं गोणपाटात गुंडाळली आणि डिकीत ठेवली. बाबुलालची लाल करंगळी तशीच हवेत राहिली. मग त्यानं ती खाटेच्या पायाला पुसली आणि पाटावरच्या आपल्या अवजारांकडे बोट केलं.

“थे जरासे सरकव,” तो म्हणाला. “उद्या जागा लागंल.”