बोहेमिया, दाल्मेशिया, खलास

पागनीसकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरजेच्या घरी दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांची मुलगी वैशाली बोलत होती. "सुनंदाताई, बाबा सकाळी गेले. झोपेतच." मी काहीतरी बोलले असेन… आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आज युरोपातल्या कुठल्या राजाची पुण्यतिथी आहे बरं? कुणाला हे विचित्र वाटेल. पण हुफूफच्या त्या हॉस्पिटलात ज्यांनी काकांबरोबर एक वर्ष जरी काढलं, त्या प्रत्येकाच्या मनात हेच आलं असतं.

हुफूफ म्हणजे सौदीच्या पूर्व भागातलं, खजुराच्या बागांनी वेढलेलं शहर. मी तिथे नर्स म्हणून गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि काका पन्नाशीला आलेले. डायलिसिसच्या खोलीत ते तंत्रज्ञ होते. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून, स्वच्छ करून परत अंगात सोडायचं, हे आमचं काम. आठवड्यातून तीनदा तेच पेशंट, त्याच खुर्च्या. एक पाळी चुकली तर माणूस सुजतो, दोन-तीन चुकल्या तर जातो. काका मात्र या खोलीत असे वावरायचे, जणू दरबार भरलाय. पांढऱ्याशुभ्र कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि वर्षातल्या काही ठरावीक दिवशी गळ्यात काळा टाय. "आज कोण, काका?" असं विचारलं की ते गंभीरपणे सांगायचे, "रशियाचा शेवटचा झार. मुलाबाळांसकट मारला गं त्याला." मग दिवसभर बिनसाखरेचा चहा. केरळच्या नर्सा तोंडावर रुमाल धरून हसायच्या. काकांना ते कळायचं, आणि त्यांचं काही बिघडायचं नाही.

हे वेड आलं कुठून? त्यांचे वडील आमच्याकडच्याच एका छोट्या संस्थानात पाण्याच्या नळांची देखभाल करायचे. एका दुष्काळात राजेसाहेबांनी वाड्याचा नळ आधी बंद करायला लावला आणि गावाबरोबर रांगेतलं पाणी वापरलं. वडिलांनी ही गोष्ट मुलाला इतक्यांदा सांगितली, की त्याला राजा म्हणजे कोण हे कायमचं कळलं. संस्थान विलीन झालं, वडिलांची नोकरी गेली, आणि शाळकरी पागनीस वाचनालयात बसून जगभरच्या विलीन झालेल्या राज्यांचा हिशेब लावू लागले. इंग्रजी येईल तसं युरोपवर घसरले. ऑस्ट्रिया त्यांचा खास जिव्हाळ्याचा. "अकरा भाषा बोलणारी माणसं एका म्हाताऱ्या सम्राटाखाली नांदत होती, सुनंदा. मुकुट उतरले, आणि त्या रिकाम्या जागेवर गणवेश येऊन बसले. पुढचं सगळं तू जाणतेसच."

मला ते कधीच पूर्ण पटलं नाही. मी वाद घालायचे. म्हणायचे, "काका, लोक उपाशी होते म्हणूनच उठले ना?" ते मान डोलवायचे. "होते. चुकलंच ते. पण मी राजांची आरती करत नाही. मी बघतो, वेळ आल्यावर कोण जागेवर राहिला." आणि हे खरं होतं. पहिल्या महायुद्धात देशाचा जेमतेम एक कोपरा उरला तरी सैन्याबरोबर तिथेच थांबलेला बेल्जियमचा राजा त्यांना देवासारखा. उलट जर्मनीचा सम्राट, जो आगगाडीत बसून हॉलंडला निघून गेला, त्याची पुण्यतिथी काका पाळत नसत. त्या दिवशी मुद्दाम रंगीत टाय.

आमच्या यंत्रांची दुरुस्ती करणारा इंजिनिअर व्हिएन्नाचा होता, फ्रांझ नावाचा तरणाबांड, हसरा माणूस. ऑस्ट्रियाचं साम्राज्य बुडालं त्या तारखेला काका त्याच्याकडे गेले, त्याचा हात हातात घेतला आणि मनापासून सांत्वन केलं. फ्रांझला वाटलं, घरून वाईट बातमी आली. उलगडा झाल्यावर तो खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पण पुढच्या वसंतात शेवटची सम्राज्ञी वारली तेव्हा तो नेमका सुट्टीवर घरी होता. आजीला घेऊन अंत्ययात्रेला गेला आणि परत आल्यावर त्याने ते सगळं काकांना सांगितलं. शवपेटी राजघराण्याच्या थडग्यांच्या तळघराच्या दारापाशी नेतात, दार ठोठावतात, आतून साधू विचारतो कोण आलंय. साऱ्या पदव्या वाचून दाखवल्या तरी तो म्हणतो, आम्ही ओळखत नाही. शेवटी नुसतं, एक पापी मर्त्य माणूस, एवढं म्हटल्यावर दार उघडतं. काका ते ऐकताना मशीनचा फिल्टर हातात धरून तसेच उभे राहिले होते. एवढंच म्हणाले, "ज्यांना असं मरता येत होतं, त्यांना तुम्ही घालवलंत." फ्रांझ त्या वेळी हसला नाही.

मग कुवेतवर आक्रमण झालं. सीमा आमच्यापासून मोटारीने काही तासांवर. शहरातून लष्कराच्या गाड्या जाऊ लागल्या, आम्हाला गॅसचे मुखवटे वाटले, भारतीय कुटुंबं एकेक करून निघाली. फ्रांझला त्याच्या वकिलातीने बोलावलं. जाताना सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली काकांच्या हातात देताना त्याला मान वर करवेना. काकूंची घरून पत्रावर पत्रं येत होती, वैशाली फोनवर रडत होती. शेवटी जानेवारीत काकांनीही इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कार्यालयात खेटे घालून एक्झिटचा शिक्का मिळवला. रियाधहून बदली तंत्रज्ञ येणार, असं वरून कळवलं होतं, म्हणूनच ते तयार झाले.

निघायचा दिवस मला लख्ख आठवतो. सकाळची वेळ, आवारात रियाधच्या विमानतळाला जाणारी बस उभी. काका खिडकीशी बसलेले, सामान वर चढवलेलं. माझं नाव पुढच्या बसला होतं, मी निरोप द्यायला आले होते. तेवढ्यात अबू सालिम आमच्याकडे चालत आला. तो खजुराच्या बागेचा म्हातारा मालक, आमचा सर्वांत जुना पेशंट. पाय सुजलेले, मागे त्याची बायको. खिडकीखाली उभा राहून त्याने काकांना विचारलं, "खोलीला कुलूप आहे. आज मशीनवर कोण?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगावंच लागलं, "काका, रियाधचा माणूस येत नाहीये. आत्ताच निरोप आला."

ड्रायव्हर निघायच्या घाईने ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" काका उठले, शांतपणे खाली उतरले आणि त्याला म्हणाले, "माझी बॅग काढ."

"मुदीर, विमान जाईल तुझं!" तो सगळ्याच साहेबांना मुदीर म्हणायचा.

"जाऊ दे. खलास."

बस गेली. दहा मिनिटांत ते कोटाची बटणं लावत खोलीत आले आणि त्यांनी पाण्याचा दाब तपासला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन माझं नाव खोडून घेतलं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. लाज वाटली, इतकंच.

युद्ध सुरू झालं आणि चार-पाच दिवसांतच एकवीस जानेवारी उजाडला. फ्रान्सच्या राजाचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला तो दिवस. काकांनी काळा टाय बांधला होता. दुपारच्या पाळीत चार पेशंट यंत्रांवर असताना भोंगा वाजला आणि पाठोपाठ वीज गेली. जनरेटर सुरूच होईना. चार माणसांचं रक्त नळ्यांमध्ये थांबलेलं… थांबलं की गोठतं. अशा वेळी पंपाला मूठ लावून तो हाताने फिरवतात, एका लयीत, घाई न करता. काकांनी दोन्ही हातांनी दोन पंप धरले, एक मी घेतला, आणि चौथ्यावर त्यांनी अबू सालिमच्या बायकोचा हात नेऊन ठेवला. मुखवट्यामुळे मला श्वास पुरत नव्हता, माझी लय सारखी बिघडत होती. तेव्हा काकांनी आपला मुखवटा वर सारला आणि मोठ्याने, सावकाश म्हणायला सुरुवात केली : "ऑस्ट्रिया… हंगेरी… बोहेमिया… दाल्मेशिया… क्रोएशिया… गॅलिशिया…" सम्राटाच्या पदव्यांतली सगळी राज्यं, पाढे म्हणावेत तशी. एका नावाला एक फेरा. आम्ही दोघी त्या तालावर मूठ फिरवत राहिलो.

खुर्चीतून अबू सालिमने मला विचारलं, "हा कसली दुआ म्हणतोय?"

"देशांची नावं आहेत," मी म्हटलं.

"कुठे आहेत हे देश?"

"खलास," काकाच म्हणाले. "सगळे खलास. गप्प पडून राहा. बोहेमिया…"

म्हातारा असा हसला, की त्याची नळी हलली आणि काकांनी त्याला दटावलं. चौघांचंही रक्त सुखरूप अंगात परत गेलं. त्यानंतर वीज आली. काका मात्र हात धुऊन पुढच्या पाळीच्या खुर्च्या पुसायला लागले.

पुढे मी मिरजेला परत आले, संसारात पडले. काका साठी उलटल्यावर आपल्या संस्थानी गावी स्थायिक झाले. भेटी कमी, फोन मात्र नेमाने. आता ते गेल्याचे दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सोप्यात काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलता बोलता युद्धाचा विषय निघाला, तशी वैशाली म्हणाली, "हो ना, त्या वेळी बाबांचं विमान चुकलं नसतं तर आईचे ते दोन महिने असे गेले नसते. नाव काढलं की बाबा आपले म्हणायचे, निघायला उशीर झाला, चुकलं विमान."

इतक्या वर्षांत त्यांनी घरात एका अक्षराने सांगितलं नव्हतं! मग मी सगळं सांगितलं. बस, अबू सालिम, वीज जाणं, देशांची नावं. वैशाली ओढणीने डोळे पुसत राहिली. काकू मात्र न हलता ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पदर सारखा केला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "साध्या एस.टी.ला तासभर आधी जाऊन बसणारा माणूस तो. त्याचं विमान चुकतंय होय!"

मग त्यांनी विचारलं, "त्या पेशंटांतलं युद्धात कुणी गेलं का गं?"

"एकही नाही, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि वैशालीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.