पंपाच्या शाफ्टवरच्या चार भेगा

हिंदी मुलखातल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यशदीप गजभिये, वय छप्पन्न, लेझरचं यंत्र चालवतात. झिजलेल्या शाफ्टवर, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, लेझरने धातूची भुकटी वितळवायची आणि दीड मिलिमीटरचा कडक थर चढवायचा, हे काम. शाफ्ट पोलादी केबिनमध्ये फिरतो, यशदीप शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघतात. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळे घालवतो. म्हणून यंत्र चालू असताना दारं बंद. दुसऱ्या माणसाचं तिथे काम नसतं.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते याच कारखान्याच्या वेल्डिंग शेडमध्ये होते. आठ माणसं दगड फोडणाऱ्या यंत्रांच्या हातोड्यांवर वेल्डिंगने कडक थर चढवायची. थर निवताना सुपारी फुटावी तसा आवाज यायचा. जेवणाचे डबे उघडलेले असायचे. कुणीतरी म्हणायचं, "बोलला रे बोलला!" आवाज म्हणजे थरावर केसाएवढी भेग पडली, आतला ताण सुटला. मुका राहिलेला थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो, असं यशदीप प्रत्येक नव्या माणसाला शिकवत. त्या कामापुरतं ते बरोबरच होतं.

दोन वर्षांपूर्वी लेझर आलं आणि शेड बंद झाली. सात जण गेले. यशदीपना धातू कळतो म्हणून ठेवलं. पत्नी भीमाबाई वर्षभर नागपुरात आहेत, मुलगी चेतनाची तान्ही पोर सांभाळायला. गुढियारीच्या घरी यशदीप एकदा वरण लावतात, ते दोन दिवस पुरतं.

डिसेंबरात गाळ उपसणाऱ्या पंपाचा एक शाफ्ट आला. थर चढला, यंत्र थांबलं, यशदीपनी केबिनचं दार उघडलं. टक्. थोड्या वेळाने पुन्हा. चार आवाज झाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. तपासणीचा लाल रंग लावल्यावर चार बारीक रेघा उमटल्या. त्यांनी रंग पुसला आणि कागदावर 'योग्य' लिहून सही केली. संध्याकाळी भीमाबाईंचा फोन आला.

"आज थर बोलला," यशदीप म्हणाले.

"कोन बोलला?"

"काही नाई. पोट्टी कशी आहे?"

तीन आठवड्यांनी शाफ्ट परत आला. तळहाताएवढा थर निघाला होता, खाली गंज.

मालकांचा पुतण्या विशाल कारखाना बघतो. त्याने शाफ्टकडे एकदा बघितलं. "पटका होगा उन लोगों ने. इरा, लिख दो, उठाने-रखने में टूटा."

इरा देशकर धातुतज्ज्ञ आहे, समता कॉलनीत राहते. घरी मराठी, कामावर हिंदी. तिने तपासणीचा कागद काढला. "काका, यहाँ से तो साफ गया था ना?"

कागदावर एकट्या यशदीपची सही होती. भेगा दुसऱ्या कुणी बघितल्या नव्हत्या. हो म्हटलं असतं तर प्रकरण ग्राहकाच्या माथी गेलं असतं. नाही म्हटलं तर यंत्र हातातून जाणार होतं, आणि परत जायला शेड उरली नव्हती.

"नाई," यशदीप म्हणाले. "चार भेगा होत्या. मले दिसल्या."

"फिर पास काहे किया?"

"चांगल्या वाटल्या म्हनून."

विशाल हसला. "दरार अच्छी लगी इनको! घर की दीवार में भी डलवा लो, गजभिये जी."

इरा हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि शेडमधलं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "हातोडा सूखे में मार खाता है, काका. वहाँ दरार चलती है. ये शाफ्ट पानी में घूमता है. दरार से पानी घुसा और नीचे का लोहा खा गया."

यशदीपनी गंजावरून बोट फिरवलं. "म्हंजे तिथं बरोबर होतं, अन इथं चूक?"

"हव," इरा म्हणाली.

चूक कारखान्याचीच असल्याचं पत्र ग्राहकाला गेलं. ते इराने लिहिलं, विशालने कुरकुरत सही केली. यशदीपना यंत्रावरून काढून फाटकाजवळच्या गोदामात बसवलं. बारा दिवस यंत्र बंद राहिलं. दुसरा चालवणारा मिळेना, तेव्हा परत बोलावलं.

आता भेग न पडताच ताण सुटावा म्हणून शाफ्ट आधी भट्टीत तापवतात, नंतर जाड पांघरुणाखाली हळू निववतात. इराने एक नियमही केला. यंत्र थांबलं की चालवणाऱ्याने वीस मिनिटं शाफ्टजवळ उभं राहायचं आणि आवाज मोजून वहीत लिहायचे. एक जरी आला तरी थर खरवडून पुन्हा चढवायचा.

यशदीप वीस मिनिटं उभे राहतात. केबिनमध्ये पंखाही तेवढा वेळ बंद ठेवतात. शाफ्ट निवतो. काहीच ऐकू येत नाही. मग ते वहीत शून्य लिहितात, वेळ टाकतात आणि पुढचा शाफ्ट चढवून दार लावून घेतात.