ओटीवर वाचलेला एमआरआय

आमच्या घणसोली गावात आलेला इंग्रजी कागद ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत. आमच्या आळीत वाचणारी मी. आमच्याकडची पहिली ग्रॅज्युएट. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

आईचा गुडघा वर्षभर सुजत होता. सुईने पाणी काढलं तर ते तांबूस, रक्त मिसळलेलं. एक्स-रे मात्र साफ. मग एमआरआय काढला. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आले, तर ओटीवर आईसोबत शेजारच्या दोघी काकी.

"वाच गो," आई म्हणाली.

सवयीने वाचत सुटले आणि तोंडातून निघून गेलं, ट्यूमर. हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"म्हनजे कॅन्सर?" एका काकीने विचारलं.

"पाय कापतान कं माजा?" आई.

मी फिल्म उजेडाकडे धरली. पांढरं दिसतं तो आजार, असा माझा समज. इथे गुडघ्यात काळेच डाग. मग ट्यूमर कुठाय?

"आता बोल ना ग्रॅज्युएट," दुसरी काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एकटीच स्कॅन सेंटरला गेले. डॉक्टरीणबाईंनी पेनाने तेच काळे डाग दाखवले. "सांध्याच्या आतलं अस्तर वाढलंय, त्यालाच रिपोर्टात ट्यूमर म्हटलंय. त्यातून रक्त झिरपतं, रक्तातलं लोह तिथेच साचतं. एमआरआयमध्ये ते काळं दिसतं. एक्स-रेत अस्तर दिसतच नाही."

"कॅन्सर आहे का?"

"तसं वाटत नाही. पण त्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. आणि हे काढलं तरी परत येऊ शकतं."

"पाय कापतील?"

"तसं यात काही दिसत नाही."

कॅन्सर वाटत नाही, पण ट्यूमर आहे. काढायचा, तरी परत येऊ शकतो. रिक्षात मी हे मनात उलटंसुलटं मांडून पाहिलं, काही केल्या जुळेना.

घरी आले तर ओटी माणसांनी भरलेली. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पायाला धोका दिसत नाही म्हणाल्या," मी म्हटलं. "बाकीचं मलाच नीट कळलेलं नाही. तुकडा तपासला की सांगते."

आईने सुजलेला गुडघा हाताने जरा सरकवला.

"मंग तवर मी मरत नाय, ह्ये पन जोरान वाच. कालच अर्ध्या गावानं माजं बारावं घातलंय."