मामाची बुरशी

अख्ख्या सोलापुरात बुरशीची बाजू घेणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा मामा निघावा, हा माझ्यासारख्या कार्यकर्त्यावर उघड अन्याय आहे. मी झाडांसाठी पत्रकं वाटतो, मोर्चे काढतो, आयुक्तांच्या दारात बसतो; मामा झाडाकडे बघतसुद्धा नाही. त्याची नजर खोडाला फुटलेल्या तपकिरी, अर्ध्या भाकरीसारख्या दिसणाऱ्या, लाकडाइतक्या कडक बुरशीवर. बहिणीसाठी मंद्रूपला स्थळ बघायला गेलो, तर हा पोहे तसेच टाकून परसात. परतला तो डोळे चमकवत. "पोराचं काय म्हाईत न्हाय, पर ह्यांच्या बाभळीवर लई झ्याक आलीया. घर चांगलं हाय." लग्न झालं, पण या शिफारशीवरून नव्हे, हे जाहीरपणे नमूद करतो.

सात रस्ता चौकामागे त्याच्या घरासमोर एक वाळलेला कडुलिंब होता. त्यावरची बुरशी म्हणजे मामाचा जीव. सकाळी चहाचा कप तिच्यावर ठेवायचा, उन्हाळ्यात तिला ओलं फडकं गुंडाळायचा. "अरे मामा, ती झाड खाते!" मी ओरडायचो. "ती मेल्यालं खाती. तू सभेत जित्या मानसांचं डोकं खातूस की."

एक दिवस झाड पाडायला महापालिकेची माणसं करवत घेऊन आली. मामा खोडाला मिठी मारून उभा. मी घोषणा दिल्या. प्रतिसादही मीच दिला. शेवटी मामी शेंदराची वाटी घेऊन बाहेर आली. करवतवाल्याने लगेच चपला काढल्या. बुरशीला एक बोट शेंदूर लागला की झाली देवी. मग झाडाला हात लावायची कुणाची छाती? अंधश्रद्धेचा निषेध करायला मी तोंड उघडणार, तोच मामाने मामीचं मनगट धरलं.

"न्हाय. श्वास कोंडंल तिचा."

"अवो, मग कापत्यात की!"

"कापू दे. पर रंग न्हाय लावायचा. जी हाय ती हाय."

इतका नालायक आंदोलक मी आजवर पाहिलेला नाही. झाड पडलं. करवतवाल्याने मात्र कुणी न सांगता बुरशीचा ओंडका वेगळा काढून दाराशी ठेवला, आणि जाताना त्याला नमस्कार केला.

गुडघे गेल्यापासून मामा वैरागला लेकीकडे असतो. रोज सकाळी इथं मामीला फोन. "पांढरी कड आली का गं?" बुरशी वाढत असली की तिला कडेने पांढरी किनार येते म्हणे. ओंडका केव्हाच कोरडाठाक पडलाय. बोट लावलं तर भुसा गळतो. "आली की, लई गोड आलीया," मामी सांगते.

खोट्या आश्वासनांविरुद्ध या शहरात माझ्याइतकी पत्रकं कुणी वाटली नसतील. परवा मी तिच्याकडे गेलो तेव्हा मामी दळणाला गेली होती, फोन मीच उचलला.

"आली का रं कड?"

मी ओंडक्याकडे बघितलं. बुरशीवर मामीचा चहाचा कप होता.

"आली, मामा," म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर तांब्या भरून आणून ओंडक्यावर पाणी ओतत बसलो.