कुडल संगम, नवा कॅमेरा आणि तिघींचा फोटो

फोन असताना कॅमेरा कशाला, हे आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, त्यामुळे तुम्ही विचारू नका. सोलापूरच्या भवानी पेठेत माझं दोरे, बटणं आणि अस्तराचं दुकान आहे. फोनने फोटो काढायला गेलं की नेमका गिऱ्हाइकाचा फोन येतो, आणि काढलेले फोटो शुभ सकाळच्या गुलाबांखाली गाडले जातात. म्हणून पर्समध्ये मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. सुरुवातीला मी त्याने मुख्यतः स्वतःच्या बोटाचे फोटो काढले. मनगटात अडकवायची त्याची दोरीही लेन्ससमोर फार हौसेने येते, नवशिक्यांनी जपावं.

सहल ठरली ती थोरल्या मावशीमुळे. आई धरून त्या तिघी बहिणी. थोरली जेऊरला, आई माझ्याकडे सोलापुरात, धाकटी होटगीला. थोरलीचं पुढच्या आठवड्यात पुण्यात हृदयाचं ऑपरेशन होतं. तिचा आईला फोन आला, "जायच्या आधी संगमेश्वराला जाऊन येऊ. आणि शैलाला म्हणावं, तुजा नवा डबा घेऊन ये. आमचा तिघींचा फोटो काड."

तिघींचा असा एकही फोटो आमच्याकडे नाही. आमच्या घरात तिघांचा फोटो काढत नाहीत, काढला तर त्यातलं एक माणूस जातं म्हणतात. लग्नाकार्यात चौथं कुणीतरी मध्ये ओढतात, नाहीतर एक बहीण बाजूला होते. अल्बम उघडला की तीनपैकी दोन बहिणी आणि एखादी अनोळखी विहीणबाई, असाच सगळा प्रकार.

थोरली आदल्या दिवशी रेल्वेने सोलापूरला आली. सकाळी भाड्याची गाडी केली. दिवसभराचं अडीच हजारांच्या आत जमतं, आधी बोलून घ्यावं लागतं. होटगीला धाकटीला घेतलं आणि विजापूर रस्त्याला लागलो. रस्ता चांगला आहे. मंद्रुपच्या पुढे कुडलसाठी आत वळल्यावर मात्र गाडी हळू घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना जोंधळा उभा होता. एका शेताच्या बांधावर हुरडा मिळाला. बरोबर धाकटीची शेंगाचटणी आणि कडक भाकरी होतीच. हुरडा भाजणाऱ्याचे मी फोटो काढले, ते धुराचे आले.

कुडल संगमला सीना भीमेला मिळते. पाण्यापलीकडे कर्नाटक. काठावर जुनी दगडी देवळं आहेत. एका देवळात अनेक चेहरे कोरलेली मोठी पिंड आहे, दुसऱ्यात फार जुना मराठी शिलालेख. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. लेखाचा फोटो नीट येईना म्हणून मी कॅमेऱ्याची सगळी बटणं दाबून पाहिली. पडद्यावर एकावर एक ठेवलेल्या पानांचं चिन्ह आलं. ते मला अल्बमचं वाटलं, म्हणून तसंच राहू दिलं.

आई आणि मावश्यांनी दर्शन घेतलं, खोबरं वाटलं. मग घाटाच्या पायऱ्यांवर येऊन मी म्हणाले, "चला, आता तिघी उभ्या राहा."

धाकटी हलली नाही. "तिघींचा न्हाय काढायचा. तूबी ये की मदी. कॅमेरा डायव्हरला दे."

"मला तिघींचाच पायजे," थोरली म्हणाली.

"ब्याड, अक्का!" होटगीच्या बाजूला कानडी अशी मध्येच येते, आणि घाबरली की धाकटीची जास्तच येते. "नगं म्हंते मी. ऑपरेशन तोंडावर हाय. झाल्यावर कितीबी काढू."

"झाल्यावर मी असंन, हे कुणी सांगितलं तुला?"

मी उगाच लेन्स पुसत बसले.

"माझ्यासाठी न्हाय गं मागत," थोरली म्हणाली. "मी न्हाय आले परत, तर तुमी दोगी काय बघणार? ती विहीणबाई?"

धाकटीने तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. शेवटी तोडगा काढला आईने. आमच्याकडे तिघं मिळून एखाद्या शुभ कामाला निघाले, तर बरोबर एक खडा घेतात. तो चौथा. आई पायऱ्या उतरून गेली, नदीतला मुठीएवढा गुळगुळीत दगड धुऊन घेऊन आली आणि थोरलीच्या हातात दिला. "धर. ही चौथी."

धाकटीने दगडाकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. "फोटोत दिसला पायजे. वर धर. आजून वर."

थोरलीने दगड छातीशी धरला. मी बटण दाबलं. कॅमेरा टक टक टक करत सुटला तो थांबेचना. "आगं, बंद कर की ते!" आई ओरडली, आणि तिघी हसायला लागल्या. मी घाबरून बटण आणखीच घट्ट दाबून धरलं होतं, हे मला नंतर कळलं. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. "दगड आला का?" धाकटीने विचारलं. घरी जाऊन बघू, मी म्हणाले. येताना मंद्रुपला चहा आणि भजी झाली. थोरली रात्री आमच्याकडे राहून सकाळच्या गाडीने जेऊरला गेली.

ती गेल्यावर मी फोटो कॉम्प्युटरवर घातले. ते चिन्ह अल्बमचं नव्हतं, एकामागून एक फोटो काढत राहण्याचं होतं. पहिल्या फोटोत तिघी आधार कार्डाला बसल्यासारख्या, मध्ये दगड. मग आई हसते. मग धाकटी हसता हसता पायरीवरून घसरते. शेवटच्या फोटोत थोरलीने दगड सोडून दिलाय आणि दोन्ही हातांनी धाकटीचा हात धरलाय. तिघींची तोंडं हसून उघडी, दगड कुठेच नाही. तो फोटो बघून मला रडू आलं. मी सहसा रडत नाही.

थोरलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोनी धू. दगडाचा चन्नूला दे. दुसरा मला धाड, आन् तिला बोलू नगंस." चन्नू म्हणजे धाकटी. मी तसंच केलं. त्या आठवड्यात दुकानात बसून मी नुसते दोरे गुंडाळले. तो फोटो मीच काढला होता, आणि विश्वास नाही म्हणता म्हणता मला भीती वाटत होती.

ऑपरेशन झालं. दिवस अवघड गेले, पण थोरली जेऊरला परत आली. धाकटी तिच्या उशाशी बसायला गेली. कुडल संगमला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, सकाळी लवकर निघा आणि पाणी बरोबर ठेवा. कॅमेरा मला आता थोडाफार येतो, बोट क्वचितच येतं फोटोत.

परवा दुपारी दुकानात धाकटीचा फोन आला.

"शैला, अक्काच्या उशीखाली फोटो घावला."

मी हातातलं दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं.

"मोजलं मी. तिघीच हाय की आमी."

"मावशी, ते कॅमेऱ्याचं बटण चुकून..."

"आसू दे गं." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "माझ्याकडला घिऊन जा तू. त्यात अक्कानं दगड धरलाय. ह्यात माझा हात धरलाय. मला ह्योच धुऊन दे. मोठा."